संग्रह ऐकून काढताना

पुष्कळ घरांत एक ठेवा वर्षानुवर्षे कपाटात किंवा माळ्यावर पडून असतो. पगाराच्या दिवशी हौसेने घेतलेल्या लाँग प्ले तबकड्या, मित्राकडून भरून आणलेल्या कॅसेट, मुलांनी वाढदिवसाला दिलेल्या सीडी. घेताना प्रत्येक वस्तू हवीहवीशी होती. पुढे संसार, नोकरी, बदल्या यांत ऐकणे मागे पडले आणि संग्रह मात्र वाढत राहिला. निवृत्तीनंतर कुणी आजोबा किंवा आजी एके दिवशी ठरवतात, की हे सारे आता एकेक करून ऐकून काढायचे आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. घरातले याकडे रिकामपणाचा उद्योग म्हणून पाहतात. एक वैद्यकीय व्यावसायिक म्हणून माझे मत वेगळे आहे. नीट केला, तर हा उद्योग कानाची, मनाची आणि काही वेळा गुडघ्यांचीही विचारपूस करतो. तो कसा करावा आणि त्यातून काय ओळखावे, हे या लेखात पाहू.

आधी हिशेब

लाँग प्ले तबकडी 1948 मध्ये अमेरिकेत बाजारात आली. मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांच्या आसपास फिरणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटांचे गायन मावते. कॅसेट 1963 मध्ये आली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. समजा, आपल्याकडे दीडशे तबकड्या आणि दोनशे कॅसेट आहेत. हे सारे मिळून तीनशे तासांहून अधिक भरते. रोज एक तास दिला, तरी काम दहा महिने पुरेल. हा आकडा ऐकून घाबरू नका. उतारवयात दिवसाला आकार देणारी आणि उद्यासाठी काही शिल्लक ठेवणारी गोष्ट औषधाइतकीच मोलाची असते. मात्र एका दिवशी सहा-सहा तास ऐकून संग्रह संपवण्याचा अट्टहास नको. थकलेल्या कानाने दिलेले गुण न्याय्य नसतात.

माळा, धूळ आणि बुरशी

माळ्यावरची खोकी स्वतः स्टुलावर चढून काढू नका. तबकड्यांचे खोके दिसते त्याहून पुष्कळ जड असते. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी अनुभवले आहे, त्यांना अधिक सांगायला नको. हे काम घरातील तरुणाकडे सोपवा आणि आठवड्यापुरत्या सहा-सात वस्तूच खाली काढून घ्या. यंत्राची वायर चालण्याच्या वाटेत येणार नाही, हेही पाहा.

आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जुन्या वेष्टनांवर आणि फितींवर बुरशी धरते. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असणाऱ्यांनी ती स्वतः झटकू नये. दुसऱ्याने तोंडाला मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून पुसावी. तबकडी कडेने धरावी, मऊ कापडाने हलकेच पुसावी आणि ठेवताना उभी ठेवावी. एकावर एक रचल्यास ती वाकते. बरीच वर्षे न वाजलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळून घ्यावी.

बाजू उलटण्याचा व्यायाम

तबकडीची एक बाजू संपली, की उठावे लागते. माझ्या दृष्टीने हा तबकडीचा दोष नव्हे, गुण आहे. तासन्‌तास एका जागी बसणे पायांच्या स्नायूंना आणि रक्ताभिसरणाला मानवत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी खुर्चीतून उठणे, चार पावले जाणे, बाजू उलटणे आणि परत बसणे हा मांडीच्या स्नायूंसाठी उत्तम व्यायाम आहे. शक्यतो खुर्चीच्या हातांचा आधार न घेता उठून पाहा. तोल जात असेल, तर आधार अवश्य घ्या. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे चालू असणाऱ्यांनी झटकन उठू नये. आधी पाय हलवावेत, क्षणभर उभे राहावे आणि मग पाऊल टाकावे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्यावा.

कमी गुण कुणाला?

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले. पाडव्यापासून त्यांनी संग्रह ऐकायला घेतला होता. भीमसेनांच्या अभंगांच्या एका तबकडीला त्यांनी आरंभी नऊ गुण दिले होते. सहा महिन्यांनी तीच पुन्हा लावली, तेव्हा वहीत लिहिले: ‘गुण चार. टाळ ऐकू येत नाहीत. तबकडी झिजली.’ सुनेने तीच तबकडी ऐकली, तर टाळ स्वच्छ वाजत होते. ती वही घेऊनच सासऱ्यांना माझ्याकडे घेऊन आली. एका कानात घट्ट मळ होता. तो काढल्यावर श्रवणचाचणी केली, तेव्हा दोन्ही कानांचे वयोमानानुसार कमी झालेले श्रवणही समोर आले. बोलण्यातून ही गोष्ट घरच्यांना उमगली नव्हती. वहीतल्या एका ओळीने ती उघड केली.

याचे कारण समजून घेऊ. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. संगीतात टाळांची किणकिण, घुंगरू, तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार आणि तंबोऱ्याची जवारी हे सारे तिथेच नांदते. बोलण्यातील स, श, फ, त ही व्यंजनेही बरीचशी त्याच भागातली. म्हणून चाल ऐकू येते, पण शब्द उमगत नाहीत. आवाज कळतो, पण त्यातली चमक हरवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, साठी ओलांडलेल्यांपैकी पंचवीस टक्क्यांहून अधिक लोकांचे श्रवण दैनंदिन व्यवहारात अडचण यावी इतके कमी झालेले असते. तेव्हा जुनी आवडती तबकडी एकाएकी निस्तेज वाटू लागली, तर तिचे गुण कापण्याआधी घरातील तरुण कानाला विचारा. दोष यंत्रातही असू शकतो: सुई झिजली की आवाज फाटतो, टेपचा पट्टा सैल पडला की गायकाचा सूर खाली उतरतो. हे दोन्ही ठीक असेल, तर श्रवणचाचणी करून घ्या. कानात गरम तेल घालू नका आणि काडीने मळ कोरू नका.

ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत जाणे हा उपाय नव्हे. ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत प्रौढांना सुरक्षित मानतात. नव्वद डेसिबलला ही मर्यादा चार तासांवर येते. घरगुती कसोटी सोपी आहे: यंत्र चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर संगीत मोठे आहे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही यंत्रे मुख्यतः बोलणे समजावे म्हणून जुळवलेली असतात. त्यातून गाणे पत्र्यासारखे वाजू शकते. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते. तज्ज्ञाकडे जाताना आपली एक आवडती सीडी सोबत न्या आणि ती ऐकूनच जुळणी करून घ्या.

दोन लक्षणांकडे विशेष लक्ष द्या. एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम कमी झाले, तर ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, कारण उपचाराचा उपयोग आरंभीच्या दिवसांतच अधिक होतो. दुसरे, यंत्र बंद असतानाही गाणे ऐकू येत राहिले, तर घाबरू नका आणि लपवू नका. श्रवण कमी झालेल्या ज्येष्ठांत हे आढळते. बाहेरून येणारा ध्वनी घटला, की मेंदू आपल्या साठ्यातले काही वाजवू लागतो. हे वेड नव्हे. डॉक्टरांना मात्र सांगावे.

वही कशी ठेवावी

दुरेघी वही पुरेशी आहे. तारीख, मुद्रिकेचे नाव, कोणती बाजू, दहापैकी गुण आणि एका ओळीचा शेरा. शेऱ्यात गायनाची समीक्षा हवी असे नाही. ‘ही दादरला भर पावसात घेतली’ किंवा ‘हिला आवडायची, मला नाही’ एवढे लिहिले, तरी चालेल. सोबत कुणी ऐकत असेल, तर त्याचे गुण वेगळ्या रकान्यात घ्या. आजोबांचे नऊ आणि नातवाचे तीन असा फरक पडला, की संभाषणाला आपोआप तोंड फुटते. प्रत्येक महिन्यात एक आधी ऐकलेली मुद्रिका मागचे गुण न पाहता पुन्हा लावा. आपली आवड बदलली का, कान बदलला का, हे त्यातून कळते. अक्षर दिवसेंदिवस बारीक होत जाणे, हात थरथरणे, त्याच तबकडीला त्याच आठवड्यात नव्याने गुण देणे या गोष्टी दिसल्या, तर वही डॉक्टरांना दाखवावी. एका नोंदीवरून मात्र निष्कर्ष काढू नये.

वहीतून दिसणारे मन

एका आजींनी यजमान गेल्यानंतर त्यांचा संग्रह ऐकायला घेतला. जन्मभर निमूटपणे ऐकलेल्या काही गायकांना त्यांनी शून्य गुण दिले आणि ते सांगताना त्या खुदकन हसल्या. शोकातही असे हसू येते आणि ते निरोगी असते. काही महिन्यांनी मात्र चित्र पालटले. सगळ्यांना पाच. चांगल्याला पाच, वाईटालाही पाच. मग शेरे थांबले आणि पुढे पाने कोरी राहिली. लेकीने सांगितले, की आई पहाटे तीनला जागी होते, जेवण अर्ध्यावर टाकते, चार किलो वजन उतरले आहे. हा केवळ शोक नव्हता. हे नैराश्य होते. थायरॉइड आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासले, मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेतला, औषधे सुरू झाली. दोन-अडीच महिन्यांनी वहीत पुन्हा एक शून्य उमटले, तेव्हा लेकीला बरे वाटले. रागावण्याइतकी आवड परतली होती.

आवडत्या गोष्टीतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ आटून जाणे हे नैराश्याचे प्रमुख लक्षण आहे. ज्येष्ठ माणसे ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतात. ‘आता त्यात काय ऐकायचे’ असे म्हणतात. सोबत करणाऱ्यांनी हे वाक्य हलके घेऊ नये.

स्मृतिभ्रंश असलेल्यांची सोबत

स्मृतिभ्रंशात सकाळचे जेवण आठवत नाही, पण तरुणपणीचे गाणे पुष्कळदा शब्दांसह आठवते. वयाच्या दहा ते तीस या काळातील आठवणी माणसाच्या मनात अधिक ठळक राहतात. म्हणून मुद्रिका निवडताना आपली नव्हे, रुग्णाची वर्षे मोजा. 1943 मध्ये जन्मलेल्या व्यक्तीच्या बाराव्या वर्षी, 1955 मध्ये, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले होते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती छप्पन्न गीते अशा व्यक्तीसाठी बालपणाचे दार ठरू शकतात.

येथे दहापैकी गुण विचारू नका. ‘पुन्हा लावू?’ एवढेच विचारा आणि उत्तर चेहऱ्यावर, बोटांच्या ठेक्यात वाचा. ‘कोण गातंय, आठवतंय का?’ अशी परीक्षा घेऊ नका. नाव आपणच सांगून टाका. एका वेळी एकच बाजू पुरे. मागे दूरदर्शन संच चालू नको. अंघोळीच्या किंवा संध्याकाळच्या अस्वस्थ वेळेआधी ओळखीचे गाणे लावल्यास अनेकांना शांत वाटते. एखाद्या गाण्याने रडू आले, तर हात हातात घेऊन बसा. अस्वस्थता वाढली, तर गाणे बंद करा आणि वहीत नोंद करा. पुढच्या परिचारिकेला ती नोंद उपयोगी पडेल.

गोळी बंद करू नका

अमुक रागाने मधुमेह जातो, तमुक रागाने रक्तदाब उतरतो, असे संदेश फिरत असतात. संगीताने चिंता हलकी होते, मन रमते, हे खरे. एखादा राग औषधाची जागा घेतो, याला भरवशाचा आधार नाही. राग ऐका, गोळीही घ्या.

शेवटी संग्रहाच्या भवितव्याविषयी. घर बदलताना किंवा माणूस गेल्यावर मुलांपुढे प्रश्न पडतो, की यातले काय ठेवावे. गुणांची वही असेल, तर त्यांना अंदाज करावा लागत नाही. आठच्या वरचे घरी राहील, मधले नातेवाइकांना किंवा एखाद्या संग्राहकाला देता येईल, उरलेले निःसंकोच निरोप घेईल. हा निर्णय धारकाने स्वतः, शुद्धीत आणि आनंदात घेतलेला बरा. तेव्हा आजच एक वही काढा, पहिल्या पानावर तारीख घाला आणि खोके उतरवायला नातवाला हाक मारा.