समुद्रावरचा कंदील, महामार्गावरचा काळोख

रात्री समुद्रावर जहाज दिसत नाही; दिसतात ते त्याचे दिवे. तरीही जाणता नाखवा समोर कोण आहे, त्याचे तोंड कोणीकडे आहे आणि वाट कोणी द्यावयाची, हे त्या दिव्यांवरून ओळखतो. नौकेच्या डाव्या कुशीला तांबडा, उजव्या कुशीला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. तांबडा व हिरवा एकदम दिसले, तर नौका थेट अंगावर येत आहे. एकटाच पांढरा दिसला, तर ती पाठमोरी जात असावी किंवा नांगरलेली असावी. पुढे एक आणि मागे त्याहून उंच दुसरा पांढरा दिवा ही मोठ्या यांत्रिक जहाजाची खूण; ५० मीटर वा अधिक लांबीच्या जहाजास ती बंधनकारक आहे. हिरव्याखाली पांढरा दिवा म्हणजे जाळे ओढणारा ट्रॉलर, तर एकावर एक दोन तांबडे म्हणजे ताबा सुटलेले जहाज.

१९७२ साली ठरलेले व १९७७ पासून अमलात आलेले हे आंतरराष्ट्रीय नियम धाकट्यालाही विसरत नाहीत. वल्ह्यांच्या होडीला सारे दिवे परवडणार नाहीत, हे ते जाणतात. पण विजेरी किंवा पेटता कंदील हाताशी ठेवून टक्कर टळेल इतक्या वेळेवर तो दाखविलाच पाहिजे, या अटीतून तिची सुटका नाही.

समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशाने यातून काय घ्यावे? धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावरून कापसाच्या हंगामात रात्री जावे, म्हणजे उत्तर मिळते. केळीचे ट्रक वेगाने धावत असतात आणि त्याच रस्त्यावर कापसाने भरलेली ट्रॉली मागे एकही दिवा नसताना चालत असते. एकच दिवा जळणारा ट्रॅक्टर दुरून मोटारसायकल भासतो. बैलगाडी तर अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी ट्रॉलीलाही मागील दिवे व परावर्तक आवश्यक ठरविले आहेत. बैलगाडी मोटार वाहन नसल्याने त्या नियमांच्या कक्षेत येत नाही. म्हणजे एकीकडे नियम आहे पण पालन नाही. दुसरीकडे तो नियम लागूच नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न साधा आहे. दिव्याचा खर्च एकाने करावयाचा, लाभ मात्र रस्त्यावरील सर्वांना व्हावयाचा. अशा खर्चाकडे व्यक्ती दुर्लक्ष करते. शिवाय गाडी बहुधा भाड्याची, माल दुसऱ्याचा. त्यामुळे जबाबदारी कोणाचीच उरत नाही. टक्कर झाली की किंमत मात्र गाडीवान आणि त्याचे कुटुंब मोजते.

म्हणून केवळ दंडाच्या पावत्या फाडून भागणार नाही. बाजार समित्या व जिनिंग कारखाने यांच्या फाटकातून प्रत्येक गाडी जातेच. तेथेच ट्रॉलीचे दिवे तपासावेत, बैलगाडीस परावर्तक पट्टी लावावी आणि तिचा खर्च मालाच्या व्यवहारातून उचलावा. एका गाडीमागे तो नगण्य आहे.

दुबळ्याला सूट द्यावी, पण अदृश्य राहण्याची नव्हे, हे समुद्राच्या नियमांनी ओळखले आहे. येत्या हंगामापूर्वी जळगाव व धुळे या दोन्ही जिल्हा प्रशासनांनी तेवढे जरी मनावर घेतले, तरी काही घरांचे दिवे विझावयाचे वाचतील.