नारायणगावची ‘शॅम्पेन’ परदेशात गेली. द्राक्ष उत्पादकाच्या हाती काय राहिलं?

आळंदी : देवाच्या आळंदीत दारूचा विषय निघाला की माळकरी माणूस कानाला हात लावतो, आणि त्याचं बरोबरच आहे. पण इथून चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नाशिक रस्त्यानं नारायणगावला पोचलं की तोच विषय द्राक्षबागेचा, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाचा होतो. भारतात फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन करण्याची पहिली मोठी खटपट आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात झाली. हे आज नव्या पिढीला फारसं माहीत नाही.

1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला ‘शॅम्पेन इंडाज’ ही कंपनी उभी केली. तंत्रज्ञान आणलं फ्रान्सच्या पायपर हाइडसिक या घराण्याकडून. हे घराणं 1785 सालचं. शार्दोनेसारख्या फ्रेंच जाती सह्याद्रीच्या पायथ्याला लावल्या गेल्या. ‘ओमर खय्याम’ या नावानं नारायणगावची बाटली इंग्लंडच्या बाजारात गेली. देशात ती ‘मार्किस द पाँपादूर’ म्हणून विकली गेली.

ही वाइन करणं सोपं नाही. तिची द्राक्षं पूर्ण गोडी भरायच्या आधीच, आंबट असताना तोडतात. एकदा आंबवलेली वाइन बाटलीत भरून पुन्हा साखर आणि यीस्ट घालतात. बूच बंद असल्यानं तयार झालेला वायू आतच राहतो, तोच फेस. फ्रान्समधल्या शॅम्पेन भागात साध्या बाटलीला किमान 15 महिने, तर एकाच सालच्या द्राक्षांची, लेबलवर साल छापलेली बाटली असेल तर किमान 3 वर्षं तळघरात ठेवावी लागते. म्हणजे आज घेतलेल्या द्राक्षाचे पैसे कंपनीला काही वर्षांनी दिसतात. तोवर शेतकऱ्याला कोण पोसणार, हा खरा प्रश्न आहे.

फ्रान्सचा वारसा भांडून मिळाला

दुकानदार शॅम्पेनच्या राजाराणीच्या गोष्टी सांगतात. पण 1911 साली तिथल्या द्राक्ष उत्पादकांनी उठाव केला होता, हे कोणी सांगत नाही. वेलींवर रोग पडलेला, पीक बुडालेलं आणि व्यापारी मात्र बाहेरून स्वस्त माल आणून त्याला शॅम्पेन म्हणत होते. चिडलेल्या शेतकऱ्यांनी तळघरं फोडली, गोदामं जाळली. सरकारला लष्कर बोलवावं लागलं. पुढे 1927 मध्ये त्या भागाची हद्द कायद्यानं पक्की झाली. 1941 मध्ये समिती झाली. तिच्यात उत्पादक आणि कंपन्या दोघंही बरोबरीनं बसतात. दर हेक्टरी किती माल घ्यायचा, हे तिथं ठरतं. अडीचशे वर्षांच्या घराण्यांचा डोलारा या नियमांवर उभा आहे.

आपल्याकडे काय झालं?

नारायणगावला तंत्र आलं, हे नियम आले नाहीत. राज्यानं 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वायनऱ्या वाढल्या, शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. 2008 च्या मंदीनंतर गणित फिरलं. इंडाजनं परदेशात कंपन्या घेतल्या होत्या; कर्जाचा बोजा वाढला आणि शेवटी कंपनी कोलमडली. इतरही अनेक वायनऱ्यांनी खरेदी थांबवली. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. मंडईत त्याला गिऱ्हाईक नाही. बागायतदारांनी वेली उपटल्या किंवा त्यावर खाण्याच्या द्राक्षाची कलमं बांधली.

याच जुन्नर तालुक्यात विघ्नहर साखर कारखाना आहे. तिथं ऊस घालणाऱ्याला एफआरपीचा आधार आहे. 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर 15 टक्के व्याज लागतं. कारखाने नेहमी पाळतात असं नाही, पण भांडायला कायदा हातात आहे. वाइनच्या द्राक्षाला असा कायद्यानं ठरलेला दर नाही. करारावर जे लिहिलं तेच.

सरकारी मदत मात्र आहे. वाइनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत देण्याची राज्याची योजना आहे, पण तो परतावा वायनरीला मिळतो. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्याचा निर्णय झाला तेव्हाही शेतकऱ्याचंच नाव पुढं केलं गेलं. विरोध झाला, निर्णय मागं पडला. पण दुकानात फळी मिळाली असती तरी बांधावर दर काय मिळणार, यावर कोणीच बोललं नाही.

आता स्पर्धाही वाढतेय. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर 2022 पासून लागू आहे. 15 डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं आयात शुल्क 150 वरून 75 टक्क्यांवर आलं, दहा वर्षांत ते 25 टक्क्यांपर्यंत उतरणार. महागडी परदेशी बाटली जशी स्वस्त होईल तसा इथली वायनरी खर्च कापणार, आणि कात्री आधी द्राक्षाच्या दरालाच लागते.

म्हणून पुन्हा वाइनचं धोरण आलं की शेतकरी संघटनांनी आणि आमदारांनी तीन गोष्टी मागाव्यात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी दराचा लेखी करार. माल घातल्यावर उसासारखी 14 दिवसांची मुदत. आणि व्हॅटचा परतावा देण्याआधी शेतकऱ्याचं देणं भागल्याचा दाखला. प्यायची की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. पिकवणाऱ्याचा पैसा मात्र तळघरात तीन वर्षं मुरत ठेवता येत नाही.