रापा नुईच्या मातीचा हिशेब

हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली की अँजिओप्लास्टी करून तिथे स्टेंट बसवतात. बऱ्याच स्टेंटवर सिरोलिमस या औषधाचा लेप असतो; रक्तवाहिनी आतून पुन्हा भरून येऊ नये म्हणून. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांनाही याच्या गोळ्या घ्याव्या लागतात. औषधाचे मूळ नाव रापामायसिन. त्यातले ‘रापा’ म्हणजे रापा नुई, आपण ज्याला ईस्टर बेट म्हणतो ते. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवरचे, ज्वालामुखीतून वर आलेले, मोआई या दगडी पुतळ्यांसाठी ओळखले जाणारे बेट.

१९६४ च्या डिसेंबरात कॅनडाचे एक वैद्यकीय पथक नौदलाच्या जहाजाने तिथे पोहोचले. बेटावर विमानतळ होणार होता. बाहेरची वर्दळ सुरू होण्याआधी तिथल्या हजारभर माणसांची तपासणी करून ठेवावी, हा हेतू. भीती निराधार नव्हती. १८६२ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो लोक पळवून नेले होते. जे थोडे परत आले त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर उरली होती जेमतेम ११० माणसे. त्यांच्याच वंशजांनी या पथकाला रक्ताचे, लाळेचे नमुने दिले. शिवाय पथकाने बेटाच्या निरनिराळ्या भागांतली माती गोळा केली.

ती माती माँट्रियलच्या आयर्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले डॉ. सुरेंद्रनाथ सहगल यांनी १९७२ मध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून हे द्रव्य वेगळे केले. शोध होता बुरशीविरोधी औषधाचा. पण हे द्रव्य प्रतिकारशक्ती दाबते असे दिसले आणि कंपनीने पुढे काम बंद केले. सहगल यांनी जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. प्रत्यारोपणात नेमकी प्रतिकारशक्तीच आवरायची असते. नवे व्यवस्थापन आल्यावर त्यांनी हे काम पुन्हा सुरू करवले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

२००९ मध्ये या औषधाने उंदरांचे आयुष्य वाढते असे प्रसिद्ध झाल्यापासून पाश्चात्त्य देशांत काही धडधाकट माणसेही ते घेऊ लागली आहेत. माणसाचे आयुष्य त्याने वाढते, याचा पुरावा अजून नाही. तोंडात फोड येणे, कोलेस्टेरॉल वाढणे, जखम भरायला वेळ लागणे हे त्रास मात्र रुग्णांमध्ये नेहमी दिसतात. हा हव्यास न परवडणारा आहे.

प्रश्न बेटाच्या वाट्याचा आहे. औषधाने कंपन्यांना मोठे उत्पन्न दिले. मातीच्या मालकांना त्यात हिस्सा देण्याचा करार कधी झालाच नव्हता. जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ चा, लाभ वाटून घेण्याचा नागोया मसुदा २०१० चा. दोन्ही मागच्या व्यवहारांना लागू होत नाहीत. म्हणजे कायद्याने कोणीच दोषी नाही. १८६८ मध्ये ब्रिटिश जहाजाने उचलून नेलेला होआ हाकानानाइआ हा मोआई रापा नुईचे लोक ब्रिटिश म्युझियमकडे उघडपणे परत मागतात, कारण तो डोळ्यांसमोर उभा आहे. जिवाणू तसा दाखवता येत नाही, आणि आता तर तो नेण्याचीही गरज नाही; त्याच्या जनुकांची अक्षरे संगणकावर पाठवली की काम भागते.

हीच पळवाट बुजवण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘काली निधी’ सुरू झाला. असा जनुकीय तपशील वापरणाऱ्या मोठ्या औषध व सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उत्पन्नाचा दशांश टक्का त्यात द्यावा, आणि निदान निम्मी रक्कम आदिवासी व स्थानिक समूहांच्या गरजांसाठी जावी, अशी अपेक्षा आहे. पण सक्ती नाही. औषध विकताना कंपन्या पेटंटचा हक्क सक्तीने वसूल करतात. मूळ मातीचे देणे मात्र त्यांच्या मर्जीवर सोडले आहे. रापामायसिनचा जुना हिशेब या निधीत बसत नाही. तो मिटवायचा तर कंपन्यांना आपणहून पुढे यावे लागेल.