अमळनेरची गोष्ट अर्धीच सांगितली



गेल्या अंकातील पत्रात एका वाचकांनी आम्हा जुन्नर-आंबेगावकरांना अमळनेरकरांच्या विप्रो शेअरांचा दाखला देऊन सल्ला दिला आहे : बड्या तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर घ्या आणि विसरून जा. दाखला खरा, पण त्यातून काढलेला अर्थ पटत नाही. 1945 साली अमळनेरात विप्रो सुरू झाली ती वनस्पती तुपाची कंपनी म्हणून. संगणकाकडे ती वळली 1980च्या सुमारास. त्याआधी ज्यांनी शेअर घेतले, त्यांनी घेतले ते तूप करणाऱ्या कारखान्याचे. तंत्रज्ञानातला दादा ओळखून नव्हे. पुढे बोनस शेअरांनी सोने झाले, हा भाग वेगळा.

जी कंपनी आधीच दादा आहे, तिची गोष्ट निराळी. मायक्रोसॉफ्ट 1999 अखेर दादाच होती. तेव्हाचा भाव पुन्हा दिसायला 2016 उजाडले. सत्यम या संगणक कंपनीचा शेअर तर 7 जानेवारी 2009 रोजी एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. तोही कित्येकांनी ‘विसरून’च ठेवला असेल!

आम्ही कांदा बराखीत भरतो, पण आठवड्याला वास घेत फेरी मारतो. (एका वर्षी मी फिरकलो नाही, निम्मा सडला. घरी अजून ऐकवतात.) पत्रलेखक मात्र बराखीला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकायला सांगतात. शेअर माझ्याकडेही थोडे आहेत. पण खरिपाच्या बियाण्याचा आणि मुलीच्या फीचा पैसा सतरा वर्षे कसा थांबवायचा, तेवढे त्यांनी पुढच्या पत्रात सांगावे.

— एक कांदा उत्पादक, मंचर (ता. आंबेगाव)