मोडकी झारी आणि पांचवी चिमणी

पावसाळा सरला म्हणजे बहुतेक घरांच्या परसांत एक लोखंडी ढीग दृष्टीस पडतो. बूड गळालेली झारी, दांते वांकलेलें दंताळें, गंजून भोकें पडलेलें घमेलें, जुन्या नळाची नळी, अशी ही मंडळी तेथें भंगारवाल्याची वाट पाहत पडलेली असते. गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या बागेंतील असाच ढीग भंगारांत जावयाचा होता; परंतु आठव्या इयत्तेंतील कांहीं मुलांनीं तो मागून घेतला आणि त्यांतून पांखरांना दाणापाणी ठेवण्याचा एक खांब उभा केला. त्या खांबानें आम्हां शिक्षकांसहि जो धडा शिकविला, त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम खांबाची रचना सांगतों. घमेल्याच्या भोकांवर गोणपाट घालून मध्यभागीं नळी उभी धरली व भोंवतीं काँक्रीट ओतलें. ही झाली बैठक. नळीच्या माथ्याशीं दंताळ्याचें डोकें तारेनें आडवें बांधलें व दांते खालीं केले. त्यामुळें पांखरांस बसावयास दांडी मिळाली. आणि दांते वांकलेले असल्यामुळें त्यांच्या आयत्या आंकड्या झाल्या. ज्या वांकडेपणामुळें दंताळें निकामी ठरलें होतें, तोच येथें उपयोगी पडला! एका बाजूस माती चाळावयाची बारीक जाळीची चाळण टांगली. तींत पाणी सांचत नाहीं, म्हणून दाणा कुजत नाहीं. दुसऱ्या बाजूस पाण्याचें मातीचें उथळ परळ आलें. झारीचा पत्रा कापून, कडा दुमडून, त्याची उलटी छत्री नळीच्या मध्यावर बसविली. तिच्यामुळें मांजरास वर चढतां येईना.

दोन गोष्टी मात्र आम्हीं कटाक्षानें टाळल्या. कीटकनाशकें फवारण्याच्या जुन्या पंपाचा एकहि भाग घेतला नाहीं. तसेंच जुना रंग पोपडे धरून निघत होता, त्या वस्तूहि बाजूस ठेविल्या. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांवर आणणारा नियम इ. स. २०१६ मध्यें झाला. त्यापूर्वींच्या रंगांत विषारी शिसें असण्याचा संभव फार. तो रंग कोरडा खरवडणें मुलांस व पांखरांस सारखेंच घातक होय.

खांब उभा राहिला, सर्वांनीं कौतुक केलें, छायाचित्रें निघालीं. येथेंच ही हकीकत संपती तर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. पहिल्या आठवड्यांत चिमण्या, होले व मुनिया आल्या. तें पाहून मुलांचा उत्साह इतका वाढला कीं डब्यांतील उरलेली खिचडी, बिस्किटें, फरसाण, सर्व कांहीं चाळणींत पडूं लागलें. परळांतील पाणी कोणी बदलीना. त्यांत डांसांच्या अळ्या दिसूं लागल्या. रात्रीं खालीं सांडलेल्या अन्नावर घुशी येऊं लागल्या, आणि दिवसा कबुतरांची झुंबड उडून लहान पांखरें दिसेनाशीं झालीं. एके सकाळीं एक होला पिसें फुगवून खांबाखालीं निपचित बसलेला आढळला. दुपारपर्यंत तो मेला. त्याला मूठमाती देतांना एका मुलानें विचारलें, “सर, आपण हें पुण्य करतों आहों कीं पाप?” त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची ‘केवढें हें क्रौर्य!’ ही जखमी पक्षिणीवरील कविता पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलें शिकत आलीं आहेत. ती वाचून कोणाचें हृदय द्रवत नाहीं? परंतु पारध्याचें क्रौर्य ओळखणें सोपें असतें. दयेचें सोंग घेऊन येणारें आळसाचें क्रौर्य ओळखणें कठीण. कारण तें करणारे आपणच असतों, आणि त्याबद्दल आपली पाठ थोपटली जात असते. ब्रिटनांत इ. स. २००५ पासून ट्रायकोमोनोसिस नांवाचा रोग ग्रीनफिंच पक्ष्यांत पसरून त्यांची संख्या फार घटली. पुष्कळ पांखरें एकत्र खातात-पितात तेथें दूषित दाण्यापाण्यावाटें हा रोग फैलावतो. आपल्याकडे मुंबईंत दादरचा कबुतरखाना इ. स. २०२५ मध्यें सार्वजनिक आरोग्याच्या कारणास्तव बंद करण्यांत आला, व त्यावरून केवढा वाद माजला, हें वाचकांस ठाऊकच आहे. भूतदया ही थोर खरी. पण विवेकावांचून ती आंधळी ठरते.

मग खांब मोडून टाकावा काय? आमच्या मतें नाहीं. मात्र खांब उभारणें हा कार्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे, हें ओळखावें. आम्हीं आतां असा नेम केला आहे: मूठभर बाजरी, ज्वारी किंवा तांदळाची कणी सकाळींच घालावी व ती दुपारपर्यंत संपेल इतकीच असावी; मीठ-मसाल्याचें, तळलेलें किंवा शिजविलेलें अन्न घालूं नये; पाणी रोज बदलून परळ घासावें; आठवड्यांतून एकदां चाळण धुऊन उन्हांत वाळवावी; आणि आजारी पांखरूं दिसतांच दाणापाणी कांहीं दिवस बंद करून सर्व स्वच्छ करावें. शिवाय चिमणीच्या पिलांस दाण्यापेक्षां किडे-अळ्यांचा चारा अधिक लागतो. म्हणून खांबाभोंवतालच्या झुडुपांवर विष फवारूं नये.

जो हें करूं शकत नाहीं, त्यानें लोखंड खुशाल भंगारवाल्यास द्यावें. त्यांत लाज नाहीं. लाज आहे ती चार दिवस दया करून पांचव्या दिवशीं विसरण्यांत.

कोणी पालक म्हणतील, ह्यानें परीक्षेंत काय मिळणार? डॉ. सालीम अली यांनीं लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग पाहिला. ती कोणती हें विचारावयास ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत मिलर्डसाहेबांकडे गेले, आणि तेथून त्यांच्या जन्माची दिशाच ठरली. इ. स. १९८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचें नांवहि पडणाऱ्या चिमणीवरूनच आहे. प्रत्येक मुलगा सालीम अली होईल असें आम्ही म्हणत नाहीं. पण रोज परळ घासणारा मुलगा पाहावयास शिकतो, आणि दिलेला शब्द पाळावयासहि शिकतो. पालकांस एवढीच विनंती कीं हें काम मुलावर सोंपवावें, व तो विसरला तर आपण करून न टाकतां त्याला आठवण द्यावी. मे महिन्याच्या सुटींत शाळा बंद असते आणि पाण्याची गरज तेव्हांच सर्वांत मोठी. शाळेजवळ राहणाऱ्या सहा मुलांनीं यंदा ती पाळी आपण होऊन घेतली आहे.

शुभवर्तमानांत एक लहानशी गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मत्तयाच्या लेखांत एका नाण्यास दोन चिमण्या मिळतात. लूकच्या लेखांत दोन नाण्यांस पांच. म्हणजे पांचवी चिमणी वर फुकट टाकलेली! जिला बाजारांत मोलच नाहीं, तिचाहि देवास विसर पडत नाहीं, असें आमच्या प्रभूनें सांगितलें. तो लोखंडाचा ढीग मागून घेणाऱ्या मुलांचीं नांवें बक्षिसांच्या यादींत आजवर कधीं आलेलीं नाहींत. खांबाची किल्ली-कुलुपें कांहीं नाहींत. परंतु मुख्याध्यापकांनीं त्याची राखण आतां त्यांच्याच हातीं दिली आहे. आज सकाळीं आम्हीं पाहिलें, तेव्हां परळ स्वच्छ होतें, आणि दंताळ्याच्या दांडीवर चार चिमण्या बसल्या होत्या. पांचवीची वाट पाहत आहों.