मामाचा सीआरओ आणि अडीच हजार ठिपके

परवा अकोल्याला मामाकडे जाऊन आलो. बडनेऱ्याहून गाडी पकडायची, मूर्तिजापूर गेलं की सामान आवरायचं, हा लहानपणापासूनचा शिरस्ता. मामाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे तसंच आहे. टेबलावर तोच 20 मेगाहर्ट्झचा सीआरओ. लहानपणी त्याची हिरवी रेघ नाचताना बघत मी दुपार काढायचो. आता ती रेघ अंधुक झालीय आणि अधूनमधून गायबच होते.

मामा म्हणाला, "हा बी माह्यासारखा थकला बाप्पा. नवा घ्या लागन. तू पोट्ट्यांले शिकवतं ना, मंग सांग कोन्ता घेऊ?"

मी अमरावतीला डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. तरी उत्तर द्यायला मला आठवडा लागला. कारण प्रश्न मामाच्या खोक्यापुरता नाही. वर्षानुवर्षं त्याच त्या मालिका विकणाऱ्या कंपन्यांनी आता काय बदलायला हवं, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरण घ्या. 1997 साली टेक्ट्रॉनिक्सचा टीडीएस 210 आला. छोटा, हलका, डिजिटल. त्या काळी कमालच होती. पण त्याची स्मृती होती एका चॅनलला 2500 बिंदूंची. पुढे रंगीत पडदा आला, यूएसबी आलं, नाव बदलत टीबीएस 1000 झालं, तरी बिंदू 2500 च! दरम्यान 2014 मध्ये रिगॉलने डीएस 1054झेड आणला. चार चॅनल आणि 1 कोटी 20 लाख बिंदू.

हा फरक कागदी नाही. टीव्हीचा रिमोट घ्या. एक बटण दाबलं की साधारण 67 मिलिसेकंदांचा संदेश जातो, 38 किलोहर्ट्झच्या लहरीवर बसून. तो अख्खा संदेश 2500 ठिपक्यांत पकडला तर दर 27 मायक्रोसेकंदाला एक ठिपका. आणि लहरीचं एक आवर्तन 26 मायक्रोसेकंदांचं! म्हणजे एका आवर्तनाला धड एक ठिपकाही नाही. पडद्यावर जे दिसेल ते साफ खोटं. रिमोट चांगला असूनही मामा त्याला बिघडलेला ठरवेल.

आता नवी टूम 12 बिटांची. 2023 मध्ये रिगॉलने स्वस्त डीएचओ 800 मालिकेतही ती आणली. 8 बिटांत 256 पायऱ्या, 12 बिटांत 4096. पडद्यावर 8 व्होल्ट मावत असतील तर पूर्वीची पायरी 31 मिलिव्होल्टची, आता 2 ची. छानच आहे. पण पॉवर सप्लायमधला रिपल बघायला मामा एसी कपलिंगचं बटण दाबतो आणि व्होल्ट्सची नॉब फिरवतो. त्याचं काम तेवढ्यात भागतं. म्हणून माझं मत असं, की स्मृती वाढवणं ही गरज आहे, जास्तीचे बिट ही चैन. आणि प्रत्येक कामाला वेगळी नॉब, हे जुनं सुख मात्र कोणी काढून घेऊ नये. मेनूत शिरून टाइमबेस शोधणारं पोरगं सिग्नल विसरून जातं.

मग 2500 ठिपके इतकी वर्षं टिकले कसे? मला वाटतं, आमच्यासारख्यांमुळे. खरेदीच्या मागणीपत्रात आम्ही मेगाहर्ट्झ लिहितो, चॅनल लिहितो, स्मृतीची ओळच नसते. मागच्या वर्षीचा कागद काढायचा, तारीख बदलायची, सही ठोकायची. मीही दोनदा हेच केलंय. गिऱ्हाईकच मागत नसेल तर कंपनी कशाला बदलेल? आणि त्या यंत्रावर शिकलेली मुलं खोट्या रेघेला खरी समजून नोकरीला लागतात, त्याचं पाप कोणाच्या माथी?

असो. मामाला 1054झेड सांगितला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "धुऱ्यानं अन् उन्हानं टिकन का?" अकोल्याचा मे महिना 45 अंशांच्या पार जातो, दुकानात एक पंखा. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही रंगीत माहितीपत्रकात नाही. म्हटलं, वरून कापड टाक, पण चालू असताना नको.

जुना सीआरओ त्याने फेकला नाही, फळीवर ठेवलाय. माझं यंदाचं मागणीपत्र या महिन्यात द्यायचंय. स्मृतीची ओळ आधी लिहून ठेवलीय.