औरंगाबादचा एक पत्रकार

गेल्या आठवड्यात इथे येलहंकाला कॅन्टीनच्या रांगेत एक निवृत्त सुभेदार मेजर भेटले. मूळचे साताऱ्याचे, मुलाच्या नोकरीमुळे आता न्यू टाउनात राहतात. बोलता बोलता विषय काश्मीरवर गेला. "साहेब, हे चौदाशे वर्षांचं दुखणं आहे, यावर औषध नाही," असं म्हणून त्यांनी तो मिटवून टाकला. रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. मी काही बोललो नाही. हातात तेलाचे डबे आणि मागे वीस माणसं, तिथे काय बोलणार? पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घोळतं आहे, म्हणून लिहायला बसलो.

मेसमध्ये याच्या उलट एक उत्तर ऐकू येतं, ते म्हणजे गरिबी आणि अशिक्षितपणा. मला तेही पटत नाही. येलहंक्यापासून फार लांब नसलेल्या जलाहळ्ळी भागातून 13 डिसेंबर 2014 ला पोलिसांनी एका तरुणाला उचललं. शिकलेला, चांगल्या कंपनीत नोकरीला असलेला हा मुलगा रात्री घरी बसून ट्विटरवरून आयसिसचा प्रचार करत होता. त्याच वर्षी आपल्या कल्याणहून चार तरुण इराकला गेले, त्यांतही इंजिनिअरिंगला शिकणारे होते. यांना भाकरीने ढकललं नव्हतं. त्यांना एका विचाराने ओढलं होतं, आणि तो विचार चौदाशे वर्षांचा नाही. जेमतेम शंभर वर्षांचा आहे. त्याच्या प्रमुख जनकांपैकी एक तर आपल्या मराठवाड्यात जन्मला.

अबुल आला मौदूदी. जन्म 25 सप्टेंबर 1903, तेव्हाच्या निजामी राज्यातलं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. वडील वकील. माझं शालेय शिक्षण त्याच शहरात झालं, पण हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते उत्तर काश्मीरमध्ये, एका घराच्या झडतीत सापडलेल्या उर्दू पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. तेही मला वाचता येईना, सोबतच्या पोलिसाने वाचून दाखवलं. हा माणूस माझ्या गावचा आहे, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. खडकवासल्याच्या तीन वर्षांत आम्हाला शत्रूच्या रायफलचा पल्ला पाठ करायला लावला होता. शत्रूच्या डोक्यातल्या विचाराचा पल्ला ज्याचा त्याने शोधायचा.

मौदूदी हे पेशाने पत्रकार. किशोरवयात त्यांनी कासिम अमीन या इजिप्शियन सुधारकाचं स्त्रियांविषयीचं पुस्तक अरबीतून उर्दूत आणलं होतं, यावर आज विश्वास बसत नाही. विशीत ते दिल्लीला 'अल-जमियत' या पत्राचे संपादक होते. हे पत्र जमियत उलेमा-ए-हिंदचं, म्हणजे काँग्रेसबरोबर चालणाऱ्या उलेमांचं. डिसेंबर 1926 मध्ये स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला, इस्लाम तलवारीचा धर्म आहे का असा वाद देशभर पेटला, आणि मौदूदींनी जिहादवर लेखमाला लिहायला घेतली. तिचंच पुढे पुस्तक झालं.

1939 मध्ये लाहोरला त्यांनी जिहादवर भाषण केलं. त्यात इस्लाम म्हणजे जग बदलू पाहणारी क्रांतिकारी विचारप्रणाली आणि मुसलमान म्हणजे त्या क्रांतीचा पक्ष, अशी मांडणी होती. ही भाषा कुठल्या मदरशातली? 'क्रांती', 'विचारप्रणाली', 'आंतरराष्ट्रीय पक्ष' हे त्या काळातल्या डाव्या चळवळीचे शब्द. आपल्या कल्पनेतल्या राज्याचं फॅसिस्ट आणि कम्युनिस्ट राज्यांशी काही साम्य आहे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. कायदा करण्याचा अधिकार फक्त अल्लाहचा, म्हणून लोकांनी निवडलेल्या संसदेला सार्वभौमत्व नाही, हा त्यांचा गाभ्याचा सिद्धांत. इस्लामपूर्व अरबस्तानासाठी वापरला जाणारा 'जाहिलिया' हा शब्दही त्यांनी आधुनिक जगाला लावला. 1941 मध्ये त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली.

इजिप्तच्या सय्यद कुत्बने तुरुंगात हेच सूत्र आणखी धारदार केलं. आजचा मुस्लिम समाजही जाहिलियात आहे, असं तो म्हणाला. त्याला 1966 मध्ये फाशी झाली, पुस्तक मात्र फिरत राहिलं. 6 ऑक्टोबर 1981 ला कैरोच्या विजयदिन संचलनात अध्यक्ष सादात यांना गोळ्या घातल्या त्या संचलनातल्याच एका लेफ्टनंटने, खालिद इस्लामबोलीने. फौजी वाचकांनी या वाक्याशी जरा थांबावं. अफगाण युद्धात त्याच गटांतली माणसं पेशावरला जमली आणि पुढचं आपण सगळ्यांनी भोगलं.

आता दुसरी बाजू. मौदूदींनी सरळ बंदूक हातात दिली, असं म्हणणं खोटं ठरेल. 1948 मध्ये पाकिस्तानने टोळीवाल्यांच्या आडून काश्मीरात लढाई चालवली होती, तेव्हा याच मौदूदींनी सांगितलं की सरकार भारताशी उघड संबंध ठेवून आहे तोवर चोरून केलेली लढाई जिहाद ठरत नाही. त्याच वर्षी पाकिस्तानने त्यांना तुरुंगात टाकलं. आणि त्याच वर्षी 3 जुलैला झांगड इथे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान भारतासाठी धारातीर्थी पडले. विचार पेरणारा एक, त्याला खतपाणी घालणारे दुसरे. जनरल झियांनी ते काम पद्धतशीर केलं. 1979 मध्ये ब्रिगेडियर एस. के. मलिक यांचं कुराणातल्या युद्धकल्पनेवरचं पुस्तक निघालं, त्याला प्रस्तावना खुद्द झियांची. शत्रूच्या मनात दहशत बसवणं हे नुसतं साधन नाही, तेच साध्य आहे, असं त्यात एक सेनाधिकारी सांगतो. मुंबईचं 26/11 आठवा.

भारतातली जमात-ए-इस्लामी हिंद 1948 पासून वेगळी झाली आणि घटनेच्या चौकटीत काम करत राहिली, हेही नोंदवायला हवं. काश्मीरची जमात आणि तिथली हिजबुल यांची गोष्ट वेगळी. ती मी जवळून पाहिली आहे, इथे लिहिणार नाही.

या विचाराला भारतातल्या मुसलमानांची काळजी होती का? 1953 च्या लाहोर दंगलींनंतर न्यायमूर्ती मुनीर यांच्या आयोगापुढे मौदूदींना विचारलं गेलं, की पाकिस्तानात तुम्ही इस्लामी राज्य आणाल, मग भारताने तिथल्या मुसलमानांना मनूच्या कायद्याने शूद्र-म्लेंच्छांसारखं वागवलं तर चालेल का? आपली हरकत नाही, असं उत्तर त्यांनी दिलं. औरंगाबादेत मागे राहिलेल्या आपल्याच शेजाऱ्यांबद्दल! जलाहळ्ळीच्या अटकेनंतर तीनच दिवसांनी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये 130 हून अधिक मुलं मारली गेली. ते तालिबान देवबंदी वळणाचे, मौदूदींच्या पक्षाचे नव्हेत. पण आपल्याशी सहमत नसलेला मुसलमान मुसलमानच नाही, हे गणित तिथेही तेच होतं.

दुखणं चौदाशे वर्षांचं मानलं, तर माझ्या तुकडीत शेजारच्या खाटेवर झोपणारा मुस्लिम हवालदारही संशयित ठरतो. मग रात्रीच्या गस्तीला मी कुणाच्या भरवशावर निघायचं? शत्रू नेमका कोण हे चुकलं, की पुढचं सगळं चुकतं.

आणि या विचाराला मराठीत उत्तर दिलं गेलं आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. धर्म घरात, कायदा सगळ्यांना एक, हे त्यांनी मुसलमानांना मुसलमान म्हणून सांगितलं. 1966 मध्ये तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला तेव्हा बरोबर सात बाया होत्या. 1970 मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. 1977 मध्ये, पन्नाशीही न गाठता, गेले. मौदूदींची पुस्तकं जगभरच्या भाषांत सहज मिळतात. दलवाईंचं एक पुस्तक मी पुण्याहून मागवलं, ते यायला तीन आठवडे लागले.

परवा ते सुभेदारसाहेबांना नेऊन दिलं. उलटसुलट करून पाहिलं, किंमत बघितली, आणि म्हणाले, "चष्मा बदलून येऊ द्या साहेब, मग वाचतो."